चिठ्ठीवर सगळं लिहा

दर्यापूरच्या बाजारात किडकी वांगी ढिगाच्या वर मांडणारा माणूस एकच, आमचे नामदेवकाका. शेजारी पुठ्ठ्याची पाटी: 'यातली पाच किडकी.' गिऱ्हाईक बिचकतं. काका म्हणतात, "आधी सांगतलेलं बरं. घरी जाऊन शिव्या तं नाई देनार!"

स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतही त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं होतं, "मी रागीट हाय, झोपेत घोरतो." काकू अजून म्हणते, "घोरन्याचं लय कमी सांगतलं व्हतं."

यंदा काका तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षपदाला उभे राहिले. गावातली भांडणं गावातच मिटवायचं हे पद. काकांना त्याची भारी हौस. ते पडले, हे आधीच सांगून टाकते. शेवटी त्यांचीच पुतणी मी, किडकं आधी दाखवणार!

उमेदवार दोन, म्हणून ग्रामसभेत चिठ्ठीनं मतदान ठरलं. काका सरपंचबाईंकडे ठाण मांडून बसले. "वांगं घेतानी दाबून पायता, अन् न्याय करनारा नुसतं नाव पाहून निवडता काहून? त्यानं किती भांडनं मिटवली, स्वतः किती केली, चिठ्ठीवर सगळं लिहा." बाई कंटाळून हो म्हणाल्या.

मी काकांना बाजूला घेतलं. बांधावरून काका आणि माझे बाबा, सख्खे भाऊ, अकरा वर्षं बोलत नव्हते. बाबांची तब्येतसुद्धा काका माझ्याकडे विचारायचे.

"काका, तेवढं नका लिहू. पडाल."

"मंग काय किडकं खाली लपवू?"

सभेत चिठ्ठ्या वाटल्या. दुसऱ्या उमेदवाराच्या नावाखाली 'स्वतःचा तंटा: नाही.' काकांच्या नावाखाली 'मिटवलेली भांडणं: सात. स्वतःचा तंटा: एक, लहान भावाशी. चूक: माझी.'

बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि उभे राहिले. "सरपंचबाई, माहिती चुकीची हाय. अर्धी चूक माही व्हती."

मला दोघांचाही असा अभिमान वाटला की रडूच आलं.

काकांनी आधी चष्मा पुसला. मग पेन काढून हातातल्या चिठ्ठीवरचं 'माझी' खोडलं, 'दोघांची' लिहिलं. पुढे पेन अडलं. अकरा वर्षांनी ते भावाशी बोलले, "दत्ता, तंटा एक ठेवू का खोडू?"

"पयले घरी जेवाले चाल," बाबा म्हणाले. "मंग खोड."