सहा महिन्यांत माती

निवृत्त विज्ञान शिक्षक महेश्वर हिप्परगी यांनी सात रस्ता चौकातल्या एका दुकानातून हिरवी पिशवी आणली. तिच्यावर कंपनीचे वचन छापले होते : 'सहा महिन्यांत मातीत मिसळते.' सरांनी ती जास्वंदीच्या कुंडीत पुरली, तारीख वहीत टिपली आणि रोज पाणी घातले.

सहा महिन्यांनी जास्वंद मातीत मिसळली होती. पिशवी टवटवीत होती.

"धुऊन घ्या. भाजीला होईल की," त्यांच्या पत्नी सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या.

पण सरांमधला नागरिक जागा झाला होता. पर्यावरणाच्या नावाखाली दिशाभूल केल्याची तक्रार त्यांनी ग्राहक आयोगाकडे दाखल केली. त्या दिवसापासून ते घरातही कायद्याच्या भाषेत बोलू लागले. "तक्रारदारास चहा मिळेल का?" असे विचारत. बहुधा मिळत नसे.

सुनावणीत कंपनीच्या वकील देवयानी उभ्या राहिल्या. "सहा महिने म्हटलंय. कोणते सहा, ते कुठं म्हटलंय?" त्यांनी विचारले. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "तक्रारदारांना खोट्या दाव्यांची चीड आहे ना?"

"अतिशय."

त्यांनी एक फोटो पुढे केला. सरांच्याच सोसायटीचे फाटक. फाटकावर पाटी : 'संपूर्ण प्लास्टिकमुक्त सोसायटी. आदेशावरून, सचिव म. शि. हिप्परगी.' खाली कचऱ्याने फुगलेल्या सात प्लास्टिक पिशव्या. पाटीही प्लास्टिकचीच.

"ते... आमचं ध्येय आहे," सर म्हणाले.

"आमचंही ध्येयच आहे, सर."

तरीही सर जिंकले. कंपनीने सगळ्या पिशव्यांवरून ते वचन काढून टाकावे, असा आदेश झाला. उठता उठता अध्यक्ष म्हणाले, "सर, तेवढी पाटीही बघा."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरी येताच त्यांनी वॉचमन बिरप्पाकडून पाटी उतरवून घेतली, तीन दिवस कचरा तोलला आणि फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिले : 'या सोसायटीतून रोज अकरा किलो प्लास्टिक बाहेर जाते.'

बिरप्पा डोके खाजवत म्हणाला, "सर, खरं लिवल्यावर हितं कोन ऱ्हायला येनार?"

आणि तसेच झाले. शेजारच्या शकुंतलाबाईंचा विकायला काढलेला फ्लॅट बघायला आलेले कुटुंब फळा वाचून परत गेले. संध्याकाळी तातडीची सभा बसली. जुनी पाटी पुन्हा लावावी, फक्त खाली बारीक अक्षरांत 'ध्येय' असे लिहावे, असा ठराव आला. बाकी सगळे हात वर गेले. सरांना विवेक होता. पण त्यांचाही तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायचा होता. त्यांचा हात आधी कानाशी गेला, कान खाजवला आणि मग हळूच वर गेला.

"सूचक कोण लिहू?" सरांनी सचिव या नात्याने विचारले.

"तुमचंच नाव घाला की," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "केस जिंकलेल्या माणसाचं वजन पडतं."

सरांनी इतिवृत्तात स्वच्छ अक्षरांत लिहिले : 'ठराव एकमताने मंजूर. पाटीच्या सोसायटीबाहेरच्या वाचकांचीही हरकत स्वीकारली जाईल. मात्र हरकत घेणाऱ्याने आधी आपल्या घरचा आठवड्याचा कचरा तोलून आणावा.'

अद्याप एकही हरकत आलेली नाही.