कुणी राहिलं का?

पक्ष्याला ‘हनुवटी जरा वर घ्या’ असं सांगणारा माणूस मी एकच पाहिलाय, आणि तो आमच्या शेजारी राहतो.

रज्जाकचाचांचा बारामतीत फोटो स्टुडिओ होता. निम्म्या गावाची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि स्टुडिओच्या गाळ्यात मोमोज मिळू लागले. लेक नसीम सोलापूरला दिलेली, चाचीही वारल्या. तेव्हापासून उन्हाळा लागला की चाचा कॅमेरा काढतात आणि उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो टिपायला निघतात. सोबत मी, कारण स्कूटर माझी.

नसीमच्या भिंतीसाठी त्यांना थव्याचा एक फोटो हवाय. “समदा थवा पायजे, सुनीलराव. एक बी बाहेर नको.”

यंदाही पळसदेवला गेलो. पाणी ओसरून जुनं देऊळ उघडं पडलेलं, ऊन असं की होडीला हात लावायची सोय नाही. समोर फ्लेमिंगोंचा थवा.

“मागची रांग, जरा सरकून घ्या. ए नवरदेव, हिकडं बघ!”

“चाचा, दाबा की बटन!” होडीवाला बबन कळवळला.

“थांब रं. कुणी राहिलं का?” असं म्हणून चाचा चहूकडे बघत बसले. तेवढ्यात थवा उडाला. दरवर्षी हेच. उजनीच्या रिकाम्या पाण्याचे चाचांकडे आहेत तेवढे फोटो धरण बांधणाऱ्यांकडेही नसतील.

माझं डोकं फिरलं. “पाखरांना काय विचारता चाचा? लग्न आहे का हे?”

ते रुमालानं काच पुसत राहिले.

“नसीमच्या लग्नात न्हाय इचारलं,” म्हणाले. “घाई हुती. घरचे समदे उभे केले अन् दाबलं बटन. तिची अम्मी मागं बिर्याणीच्या डेगीपाशी. म्हनली, ऱ्हाऊ द्या, पुढल्या टायमाला काढू. त्यो फोटो नसीमच्या भिंतीवर हाय. तितं गेलो की मी भिंतीकडं पाठ करून बसतो.”

बबननं वल्हं आत घेतलं.

थोड्या वेळानं थवा पुन्हा उतरला. चाचांनी कॅमेरा डोळ्याला लावला. “कुणी राहिलं का?”

या वेळी आम्ही दोघांनीही नीट पाहिलं. लांब देवळाच्या कडेला एक पाखरू चिखलात मान घालून एकटंच चरत होतं.

“एक राहिलंय, चाचा.”

“व्हय. येऊ दे तिला.”

आम्ही थांबलो. उन्हं कलली. थवा उठला आणि इंदापूरच्या बाजूला निघून गेला. तिनं मान वर केली नव्हती. आपण मागं राहिलोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

चाचांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला. हनुवटी वर घ्यायला सांगितलं नाही, काही विचारलंही नाही. बटण दाबलं.

“चला,” डोळे पुसत म्हणाले. “हिचाच देतो नसीमला.”