मंगळाचं झाड

एका जंगलात, म्हणजे जिथे सिंह राजा असतो आणि त्याला सगळं कळतं अशा जंगलात, शिसवाची झाडं वाळायला लागली. बाळांनो, ही झाडं साधीसुधी नव्हेत. राजानेच एका सरळसोट झाडाचं बी जंगलभर लावून घेतलं होतं. ओळीत काय शोभायची!

झऱ्याकाठचं एकच झाड जुनं आणि वाकडं होतं. त्याच्या ढोलीत धनेशाची बायको अंड्यांवर बसली होती. धनेशांची रीतच तशी. बायको आत बसून दार लिंपून घेते आणि नवरा फटीतून तिला फळं भरवतो.

राजाने परदेशात शिकून आलेल्या वानराला बोलावलं. त्याने प्रत्येक झाडाचं पान यंत्रात घालून जनुकं वाचली. जनुकं म्हणजे काय, ते दरबारात कुणाला कळेना. शेवटी वैतागून तो म्हणाला, झाडाची पत्रिका समजा.

झालं! पत्रिका म्हटल्यावर राजज्योतिषी कोल्होबा सरसावले. सगळ्यांच्या पत्रिका सारख्या, वाकड्याची तेवढी वेगळी.

"मंगळ आहे," कोल्होबा म्हणाले. "ह्याच्यापायीच बाकीची वाळताहेत."

राजाने वाकडं झाड तोडायचा हुकूम दिला. धनेश तडक दरबारात आला. बायकापोरं आत! दरबारात बोलायची त्याला सवय नव्हती, चोचीत कायम फळ असायचं. आज त्याने ते खाली ठेवलं.

"महाराज, मंगळ ह्याला, मग रोग सरळ झाडांनाच कसा? हे तर हिरवंगार आहे."

वानराने कपाळाला हात लावला.

"अहो, तेच कधीचा सांगतोय. ते जे वेगळं आहे ना, त्यानेच रोग अडतो. बाकीची सगळी एका आईची लेकरं, एकाला बाधलं की सगळ्यांना बाधतं. दूरदूरची झाडं शोधा, ह्याच्याशी त्यांची लग्नं लावा."

राजाला हे फार पटलं. त्याने लगेच नवा हुकूम काढला. सरळ झाडं उपटा, जंगलभर ह्याच वाकड्याचं बी लावा. ओळीत. अहो, पुन्हा एकाच आईची, असं वानर म्हणेपर्यंत पेढे वाटून झाले होते.

धनेश उडत घरी आला आणि घर वाचलं म्हणून त्याने फटीतून सांगितलं. कालपर्यंत वाकड्यात राहणारे म्हणून हिणवणारे कोल्होबा आज आपल्याला मंगळाचे मानकरी म्हणतात, हे ऐकून बायको आतल्या आत खूप हसली.

मग तो दूरच्या डोंगरावर फळं आणायला गेला. येताजाता वाटेल त्या झाडाचं बी वाटेल तिथे टाकत राहिला. त्याला कुणी हुकूम दिला नव्हता.

तात्पर्य: पत्रिकेत मंगळ निघाला तर घाबरू नये. बिनमंगळाचे आजारी पडेपर्यंत कळ काढावी. मग त्यालाच गुण म्हणतात, आणि सगळ्यांना सक्तीचा करतात.