स्वेटर वरती मिळेल

चष्मेवाल्यांनी पहाटे आवाज न करता दार ओढलं, बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. डोंगराच्या शर्यतीत पहिल्या वळणापर्यंतच पळायचं, जुनी हवा छातीत भरून घ्यायची आणि बायको उठायच्या आत पांघरुणात शिरायचं, असा बेत होता. गुडघ्यांनी राजीनामा दिल्याला बरीच वर्षं झाली होती. डॉक्टरांनी पळायला मनाई केली होती आणि बायको ती मनाई रोज ताटात वाढत होती.

थंडीत, चढावर, ऊर फुटेस्तोवर पळण्यात कसली आलीय मजा, असं शहाणी माणसं विचारतात. त्यांना काय कप्पाळ सांगणार? आधी दात वाजतात, कान आपले वाटत नाहीत, माणूस स्वतःलाच शिव्या घालतो. मग चढ अंगावर येतो आणि आतून अशी ऊब फुटते, की रजईने लाजावं. तरुणपणी चष्मेवाले दर हिवाळ्यात त्या उबेसाठी पळायचे. शिवाय वर टोकाला थर्मास घेऊन एक मुलगी उभी असायची. पुढे तिच्याशीच लग्न झालं.

सुरुवातीच्या रेषेपाशी तोंडातून वाफा सोडणारी माणसं पाहून ते घाईघाईने त्यांच्यात घुसले. तोच धुकट रस्ता, तीच रीत. शिट्टीआधी सगळ्यांनी गरम कपडे टेम्पोत टाकायचे, टेम्पो ते वर नेणार. चष्मेवाल्यांनी जुन्या सवयीने स्वेटर काढून झोकात भिरकावला. शिट्टी झाली, टेम्पो निघाला आणि मग त्यांना किल्ली आठवली.

ते हात हलवत टेम्पोमागे धावले. "अहो, माझा निळा स्वेटर द्या आधी!"

"स्वेटर वरती मिळेल, काका," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या शेजारी शाल गुंडाळून बसलेल्या कुणीतरी तोंड पलीकडे फिरवलं.

पहिलं वळण आलं आणि गेलं. किल्लीशिवाय घरी जाऊन करणार काय? बंद दाराबाहेर उभं राहून आतल्या बायकोला काय सांगणार? ती उठेल, दार ओढून बघेल, खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारेल आणि मग गल्लीभर शोभा. चष्मेवाले मुकाट्याने चढत राहिले. तरणी पोरं "काका, जपून" म्हणत पुढे गेली. गुडघे कुरकुरायला लागले, धाप लागली, आपण गाढव आहोत याबद्दल शंका उरली नाही. आणि मधल्याच एका चढावर ती ऊब आली. अगदी तशीच, जुनी. सांगायला लाज वाटते, पण तेवढा वेळ त्यांना कुलूपही आठवलं नाही आणि बायकोही. छे, बायको आठवली, पण थर्मास घेऊन उभी असलेली.

वर पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. कपड्यांच्या ढिगात एक मफलर उरला होता. स्वेटर नव्हता. चष्मेवाल्यांना रडू यायचंच बाकी होतं.

"अहो, इकडे."

कठड्यावर बायको बसली होती. अंगात निळा स्वेटर, वरून शाल, हातात थर्मास.

"अगं, तू बाहेर कशी आलीस?"

"दुसरी किल्ली पिठाच्या डब्यामागे असते. लग्न झाल्यापासून तिथेच आहे. तुम्ही गेलात तशी ती खिडकीतून दूधवाल्याला दिली, त्याने बाहेरून कुलूप काढलं." तिने झाकणात चहा ओतला. आठवडाभर घरात बामाचा वास मारत होता, तेव्हाच तिने ओळखलं होतं म्हणे.

"मग अडवलं का नाहीस?"

"पहिल्या वळणावरून परत येणार होतात ना? ओळखते मी तुम्हाला. म्हणून टेम्पोवाल्याला सांगितलं, थांबू नकोस." तिने नजर रस्त्याकडे वळवली. "मलाही पुन्हा एकदा इथे तुमची वाट बघायची होती."

चष्मेवाल्यांचा चष्मा धुकटला. चहाच्या वाफेने, असं ते अजून सांगतात. चहा संपल्यावर त्यांना दिसलं, की टेम्पो केव्हाच खाली गेला होता.

"आता घरी कसं जायचं?"

"उतारच तर आहे," बायको पदर खोचत म्हणाली. तिने स्वेटरचा खिसा चाचपला. "आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आहेत."

एवढं बोलून ती पळत सुटली.