बॅटरीची गार खोली

विश्वजित आणि अनुजा या दांपत्याची फिरायची व्हॅन गेले अकरा महिने एकाच जागी उभी आहे, ही बाब सुरुवातीलाच नमूद केलेली बरी. व्हॅनमध्ये दोघांपुरता पलंग आहे, शेगडी आहे, टपावर सोलर पॅनेल आहे आणि पलंगाखाली लोखंडी ट्रंकेएवढी लिथियम बॅटरी आहे. लग्नानंतरच्या उत्साहात ती एकदा चंदगडपर्यंत गेली होती. तिथे चार दिवस ऊनच पडलं नाही, त्यामुळे सोलरचं काही कळलं नाही. पुढे राजवीर झाला आणि सगळा प्रवास मोरी ते पाळणा एवढाच उरला.

अनुजा एमएस्सी. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची माहितीपुस्तिका वाचायची तिची सवय राजवीर झाल्यापासून दुखण्यात जमा झाली होती. ग्राइप वॉटरच्या बाटलीवरचं बारीक अक्षर तिने भिंग लावून वाचलं होतं. बॅटरीची पुस्तिका तिने ऐन चैत्रात उघडली. बरेच महिने वापर नसेल तर बॅटरी सगळ्या जोडण्यांपासून मोकळी करावी, साधारण निम्मी भरलेली ठेवावी, गार आणि कोरड्या जागी ठेवावी, अधूनमधून तपासावी. इथे तर पार्किंगवर पत्रा होता, आणि दुपारी त्या पत्र्याखाली भात शिजला असता.

"तापून काय झालं तर? बरोबर वर राजवीरची खिडकी आहे," ती म्हणाली.

"काय होत न्हाय गं. लई दणकट माल हाय," विश्वजित म्हणाला. मिक्सर जळायच्या आदल्या दिवशी तो हेच म्हणाला होता.

सोसायटीचं कार्यालय तळमजल्यावर होतं. गार, कोरडं आणि वर्षातून एकदा उघडणारं. अनुजा अर्ज घेऊन अध्यक्षांकडे गेली. हंबीरराव सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण खिशाला अजून दोन रंगांची पेनं असायची.

"वापरात नसलेली वस्तू कार्यालयात ठेवता येत नाही, सूनबाई."

"पण काका, कार्यालय तरी कुठं वापरात आहे?"

"म्हणून तर. एका जागी दोन गोष्टी बिनवापराच्या दिसल्या तर सर्वसाधारण सभेत मी काय उत्तर देऊ?"

मात्र अर्ज आला होता, आणि आलेला अर्ज वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रविवारी ते थर्मामीटर घेऊन पाहणीला आले. हॉल चौतीस, स्वयंपाकघर सदतीस, राजवीरची रंकाळ्याच्या अंगाची एसी खोली सव्वीस. तिथल्या तिथे आदेश निघाला: बॅटरी या खोलीत ठेवावी, आणि तिच्यापासून सहा फुटांत ओलावा निर्माण करणारी कोणतीही गोष्ट असू नये. खोली आठ फुटांची होती.

"आणि बाळ?"

"बाळ ओलावा निर्माण करतं," हंबीरराव म्हणाले. "शिवाय ते वापरात आहे."

निम्मी भरलेली बॅटरी आत गेली आणि राजवीरचा पाळणा हॉलमध्ये आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर घामोळं उठलं आणि पाचव्या दिवशी पाठीवर उतरलं. अनुजा एका हाताने पावडर लावायची आणि दुसऱ्या हाताने गार खोलीचं दार नीट लागलंय का ते बघायची.

अशात गावाकडून सासूबाई आल्या. धोंडुबाईंच्या दारातून आजवर कुणी अर्ध्या पोटाने परत गेलं नव्हतं. ताटावर आडवा हात धरणाऱ्याच्या हातावर त्या तांबडा रस्सा ओतत. बॅटरी निम्मीच भरून निजवलीय हे कळल्यावर त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी त्यांनी चार्जर लावला आणि बॅटरीवरचे चारी दिवे हिरवे होईस्तोवर काढला नाही.

"आई, निम्मीच ठेवायची असते ती," अनुजा म्हणाली.

"व्हय? घरात आलेल्याला उपाशी निजवायचं? तुमच्या शिक्षणात असंल, आमच्यात न्हाय."

मासिक तपासणीत हंबीररावांना चार दिवे दिसले. भरणा निम्म्यावर आणण्याचा आदेश झाला.

"मग हिच्यावर राजवीरचा पंखा लावते," अनुजा आशेने म्हणाली.

"वापरली तर ती वापरात येईल, आणि परवानगी रद्द होईल. जे काय करायचं ते तिच्या खोलीतच, तिच्यापुरतं."

त्यामुळे व्हॅनमधला छोटा पंखा बॅटरीला जोडून बॅटरीकडेच तोंड करून ठेवण्यात आला. दोन दिवस, दोन रात्री बॅटरी स्वतःच्या विजेवर स्वतःला वारा घेत होती. बाहेर राजवीर रडून निळा पडत होता.

तिसऱ्या दिवशी अनुजाने नवा अर्ज लिहिला: कु. राजवीर, वय आठ महिने, वजन आठ किलो, दीर्घकाळ वापरात नाही. तरी गार व कोरड्या जागी साठवणुकीस परवानगी मिळावी.

हंबीररावांनी अर्ज दोनदा वाचला. चूक सापडली नाही.

"जोडण्या?"

"नाळ जन्मतःच तोडली."

"भरणा?"

"निम्मंच पाजलंय. आईंना बाहेर पाठवून."

"ओलावा?"

अनुजाने डायपरचं पाकीट पुढे केलं. त्यावर बारा तास कोरडेपणाची हमी होती. हमी छापील होती. हंबीररावांनी मान डोलावून लाल पेनाने सही केली.

पाळणा गार खोलीत, बॅटरीशेजारी गेला. राजवीर दोन मिनिटांत झोपला. त्याच्यामागोमाग अनुजा आत शिरू लागली, तेव्हा हंबीररावांनी दारावर हात आडवा धरला.

"तुम्ही कुठं?"

"त्याच्याजवळ. मलाही दोन रात्री झोप नाही."

"सूनबाई, तुम्ही वापरात आहात."

ती काही म्हणणार, तेवढ्यात जिन्यावरून धोंडुबाई ओरडल्या, "अनुजा, अध्यक्ष आल्यात न्हवं? च्या टाक की."

"बघा," हंबीरराव म्हणाले, आणि दार ओढून घेतलं.

नियम सगळ्यांना सारखा आहे. पंख्याखाली पाय पसरून तुम्ही इथवर वाचत आलात, त्या अर्थी तुम्ही सध्या वापरात नाही आणि गार जागा तुम्हाला रीतसर मिळालेली आहे. तुमच्या घरात वापरात कोण आहे, हे बघायला उठू नका. बसल्या जागेवरून चहा सांगा. ओ कोण देतं, तेवढं ऐका.