धाकूची ताजी मुंबई

चौक गावाला हायवेवर धाकूचं पंक्चरचं दुकान होतं. दर तासाला तो आंब्याला टांगलेल्या ट्रकच्या रिमवर पाना हाणायचा आणि मुंबईच्या बातम्या सांगायचा. रात्री दोनलाही हा नेम चुकत नसे. तेव्हा ऐकायला कुत्री असत.

बातम्या मिळायच्या मुंबईहून येणाऱ्या ड्रायव्हरांकडून. टायर खोलता खोलता धाकू ड्रायव्हरलाही खोलायचा. "भायखळ्याला नळ फुटलाय! गुडघाभर पानी! ताजी हाय!" मग ज्यांनी भायखळा जन्मात पाहिला नाही अशी माणसं दोन दिवस तिथल्या पाण्याची काळजी करायची. शेवटचं वाक्य ठरलेलं: "कानानं आयकलं, तोंडानं सांगितलं. पदरचं कायबी नाय."

त्याच्या नळाशी मला देणंघेणं नव्हतं. माझा धंदा पेंढ्याचा. जवळच्या कडाव गावच्या शेतकऱ्यांकडून घ्यायचा, मुंबईच्या तबेल्यांना घालायचा. बैलगाडीपासून ट्रकपर्यंत मी आलो तो एकाच गोष्टीवर: तबेल्यातला भाव मला ठाऊक असायचा, कडावला नसायचा.

एकदा त्याच आंब्याखाली कडावच्या एका म्हाताऱ्याला तासभर घोळवून मी सौदा जमवत आणला. हातावर हात मारायचा तेवढा बाकी होता, इतक्यात रिम वाजली.

"गोरेगावच्या तबेल्यांत पेंढा चढला! ताजी हाय!"

म्हाताऱ्याने पुढे केलेला हात मागे घेतला. तो मागे गेलेला हात मी अजून विसरलेलो नाही.

"अरे, नळ सांग, आग सांग," मी धाकूवर ओरडलो, "पेंढ्याचा भाव तेवढा गिळत जा की!"

"शेठ, आज भाव गिळला तं उद्या आग गिळंन. मंग माझं आयकंल कोन?"

भांडून जमेना, तेव्हा मी डोकं चालवलं. आमच्याकडे टीव्ही नुकता आला होता. त्यावर मुंबईच्या बातम्या येत, पेंढ्याचा भाव येत नसे. एका तबेलेवाल्याकडून जुना सेट मिळवला, उंच बांबूवर अँटेना चढवली आणि म्हटलं, "धाकू, ही खरी मुंबई. घे, फुकट."

मी काही फुकट देतोय म्हटल्यावर त्याला संशय यायला हवा होता. आला नाही. आठ दिवस रिम वाजली, पण बातम्या टीव्हीतल्या. मी निवांत तीन सौदे केले.

नवव्या दिवशी धाकू माझ्या दारात, डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेला सेट.

"बिघडला काय रं?"

"नाय शेठ. बेस बोलतो. पन निस्ता बोलतो." सेट उतरवून तो ओटीवर टेकला. "ड्रायव्हर बातमी सांगायचा, मंग इचारायचा, 'धाकू, जेवलास काय रं?' बायको गेल्यापासनं तेवढंच कोनी इचारतं. आठ दिवस मी ह्याच्या तोंडाकडं बगत बसलो. मी ड्रायव्हरांना काय इचारलं नाय, त्यांनी पन इचारलं नाय. हवा भरली की चालले."

त्या आंब्याखाली मी अकरा वर्षं बसत होतो. जेवलास का, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

सेट का दिला होता ते सांगायला तोंड उघडलं. निघालं भलतंच. "पाय धू. पान वाढायला सांगतो."

दोन भाकऱ्या झाल्यावर त्याने सहज विचारलं, "शेठ, तबेल्यात पेंढा कसा हाय आता?"

मी खरा भाव सांगून टाकला. तासाभरात रिम वाजली आणि तो भाव कडावला पोचला.