पळतं नाव

शिंप्याने नव्या गल्लीत दुकान थाटलं आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, भिंतीपलीकडून आवाज आला. विहिरीच्या तळातून यावा तसा. ढोलाचा एक ठोका पडायचा आणि दुसरा यायला इतका वेळ लागायचा, की मशीनवरचा त्याचा पाय तसाच थबकायचा. मग कोणीतरी हाक मारायचं, "कुऽऽलूपवाऽऽले काऽऽकाऽऽ..."

सकाळीच त्याने कुलूपवाल्याला प्लॅस्टरमधला पाय ओढत जाताना पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी हाक आली, "पाऽऽववाऽऽली ताऽऽई..." त्याने खिडकीतून डोकावलं. पाववालीचं शटर खाली होतं. बाई तापाने फणफणली होती म्हणे.

"अगं, हा भिंतीपलीकडचा नाव घेतो आणि माणूस आडवा होतो!"

"तुमचं घेतलंय का? नाही ना? मग ती पँट उरका," बायको म्हणाली.

पण त्याने पँट बाजूला सारली. त्याने दुकान बंद केलं आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिला. गिऱ्हाइकांना बायको दारातूनच सांगे, "बरं नाही त्यांना."

आणि पुढच्या दुपारी भिंत बोलली, "शिंऽऽपीऽऽ काऽऽकाऽऽ..."

शिंपी पांघरुणात गारठला. मग मरायचंच तर मारणाऱ्याचं तोंड बघून मरू, असं म्हणत तो अनवाणीच शेजारच्या दारावर धडकला.

दार लांब मानेच्या एका तरुणाने उघडलं. गल्ली त्याला कासव म्हणे. त्याच्या मागे स्पीकरांची उतरंड लागली होती.

"हे संथ रॅप, काका. आमच्या भागातलंच. गाणं मुद्दाम मंद करायचं, म्हणजे आवाज जड होतो. आजारी माणसांना त्यात हाका घालतो, लवकर उठा म्हणून. तुम्ही अंथरूण धरलंत असं कळलं, मग तुम्हालाही घातली."

"मी ठणठणीत आहे! काढ माझं नाव!"

"बऱ्या झालेल्याचं नाव एकदा पळतं, म्हणजे भरभर, घेतो. गल्लीला कळतं."

"पळतं नको, रांगतं नको. नावच नको!"

"पण काका, तसं केलं तर लोक..."

"एक अक्षर नको!" शिंप्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दुपारी बायको बाजारात गेली होती. भिंतीपलीकडून कुलूपवाल्याला हाक गेली, पाववालीला गेली. नंतर नुसता ढोल. शिंपी बंद दाराआड खुशीत पँट शिवत राहिला.

बाहेर मात्र गल्ली गप्प झाली. एकेक शटर खाली आलं. पावलं वाजली, दाराशी येऊन थांबली.

"फार लवकर गेले हो," कोणीतरी कुजबुजलं. "अजून ओळखसुद्धा झाली नव्हती."

शिंप्याने दार उघडलं. "कोण गेलं?"

शाल पांघरलेली पाववाली किंचाळली. कुलूपवाला कुबडी टाकून, प्लॅस्टर विसरून, सगळ्यांच्या पुढे पळाला. क्षणात गल्ली ओस पडली.

कासवाने खिडकीतून मान बाहेर काढली. "तेच सांगत होतो, काका. मंद नाही, पळतंही नाही, म्हणजे माणूस गेला."

"अरे, मग आता घे ना पळतं!"

"आता कसं घेऊ?" कासव खालच्या आवाजात म्हणाला. "गेलेल्याचं नाव आम्ही परत घेत नाही. लोक घाबरतात."

आणि त्याने खिडकी लावून घेतली.

शिंपी आत आला. आरशासमोर उभा राहिला. दिसला, पण तेवढ्याने भागेना. त्याने टेप घेऊन स्वतःच्या छातीचं माप घेतलं. मग श्वास सोडून पुन्हा घेतलं. फरक पडला, तेव्हा कुठे तो खाली बसला.